कुठले मलकापूर?

आपल्या महाराष्ट्रात मलकापूर नावाची निदान तीन गावे चांगली नावाजलेली आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यातले, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे. दुसरे कराडला लागून, हमरस्त्यावरचे, चोवीस तास नळाला पाणी देण्याच्या योजनेमुळे नावारूपाला आलेले. आणि तिसरे आमचे, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट लागण्याआधीचे, शाहूवाडी तालुक्यातले. मागे एकदा पुण्यात दिलेल्या माझ्या पुतणीचा भल्या पहाटे फोन आला. आवाज कापत होता. "काका, तुम्ही सगळी घरीच आहात ना?" टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती, मलकापुरात बसचा मोठा अपघात. मी म्हटले, "अगं, ते बुलढाण्याचे मलकापूर. आपल्या इथे रात्रभर नुसता पाऊस आहे." तेव्हा कुठे ती रडायची थांबली.

आमच्या गावातल्या बातमीदाराने बातमी धाडली की तिच्या डोक्यावर 'मलकापूर (ता. शाहूवाडी)' असे लिहिलेले असते. कंसातले ते शब्द आपण कधी वाचतही नाही. पण गावाचे नाव, तालुका, वार आणि वेळ नेमकी लिहिण्याची ही सवय किती मोलाची आहे हे गाव शांत असताना कळत नाही. अपघाताच्या बातमीत घोटाळा झाला तर एक फोन वाया जातो, एक लेक रडते. मारामारीच्या, जाळपोळीच्या बातमीत तसाच घोटाळा झाला तर माणसे मरतात.

मी कृषी विस्ताराच्या नोकरीत आहे. भातावरचा करपा, उसावरचा लोकरी मावा, नाचणीची पेरणी हे माझे विषय. बातमीदारीवर मी का लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर थोडे लाजिरवाणे आहे आणि ते पुढे येईलच. आधी तालुक्याचा बातमीदार म्हणजे कोण, ते सांगतो. शहरातल्या मंडळींना त्याची कल्पना नसते.

तो बहुधा तुमच्या-आमच्यातलाच असतो. घरची दीड-दोन एकर शेती, एखादे झेरॉक्सचे नाहीतर स्टेशनरीचे दुकान, आणि त्याच वर्तमानपत्राची एजन्सी. वर्तमानपत्र त्याला जे मानधन देते, त्यात मोटारसायकलचे पेट्रोलही सुटत नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती त्यानेच मिळवायच्या, दिवाळी अंकालाही त्यानेच हात पसरायचे. मी नोकरीला लागलो त्या काळात बातमी कागदावर लिहून, पाकिटात घालून, कोल्हापूरला जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती द्यावी लागे. 'स्टँडवर आमचा माणूस येईल, तेवढे द्या' असे सांगून. गाडी चुकली की बातमी शिळी. आता सगळे मोबाईलवरून क्षणात जाते. त्यात सोय झाली खरी, पण पाकीट घेऊन स्टँडपर्यंत चालत जाईतो माणसाला पुन्हा एकदा विचार करायला जो वेळ मिळे, तो गेला.

आता ती लाजिरवाणी गोष्ट.

१४ जुलै २०२४, रविवार. आमच्या तालुक्यात रोपलागणीची घाई होती. पाऊस जोरात, चिखल झालेला, बायामाणसे इरली नाहीतर प्लास्टिकचे कागद पांघरून वाफ्यात वाकलेली. त्या दिवशी विशाळगडावरील अतिक्रमणे काढावीत या मागणीसाठी आंदोलन होते. बाहेरगावांहून पुष्कळ माणसे आली होती. गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गडाच्या अलीकडे, गजापूर आहे. होय, तेच गजापूर, ज्याच्या खिंडीत १६६० च्या जुलैत बाजीप्रभू आणि बांदल मंडळींनी देह ठेवला. त्या दिवशी जमावातल्या लोकांनी गजापुरातल्या मुसलमान वस्तीवर हल्ला केला. घरे फोडली, सामानाची आणि गाड्यांची नासधूस केली, मशिदीची मोडतोड केली. गडावरच्या अतिक्रमणाशी या घरांचा काही संबंध नव्हता. पुढे प्रशासनाने गडावर पाडकाम सुरू केले आणि १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने भर पावसाळ्यातले ते पाडकाम थांबवायला सांगितले. हे सगळे नंतर कळलेले. त्या रविवारी संध्याकाळी आम्हाला फक्त एवढे ठाऊक होते की 'तिकडे काहीतरी पेटले आहे'.

आमच्या भागातल्या भात उत्पादकांचा मोबाईलवर एक गट आहे. तो मीच सुरू केला आणि मीच चालवतो. दोनशेच्या वर शेतकरी त्यात आहेत. बियाणे कुठे आले, युरिया कधी येणार, फवारणी थांबवा, पाऊस आहे, असे निरोप मी त्यावर घालतो, आणि 'साहेबांनी टाकलंय' म्हणून लोक ते मानतात. त्या संध्याकाळी मला एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून एक छायाचित्र आणि खाली चार ओळी आल्या. त्या ओळी मी इथे पुन्हा लिहीत नाही. खोटे खोडण्यासाठी म्हणून जरी छापले, तरी खोटेच पुन्हा घरोघर जाते. वाचून माझे डोके गरम झाले. लोकांना सावध करावे एवढ्याच बुद्धीने मी तो निरोप गटावर ढकलला, आणि जेवायला बसलो.

जेवण होईपर्यंत त्यावर पन्नासेक उत्तरे आली होती. एकच नीट आठवते. गजापूरच्या बाजूचा एक शेतकरी, माझ्याकडून चारसूत्री पद्धतीची भातलागण शिकलेला, त्याने एवढेच लिहिले होते, "साहेब, तुम्हीसुद्धा?" आणि तो गटातून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन आलेल्या एका बातमीदाराला मी गाठले. पावसात भिजून, मोटारसायकल चिखलात ढकलीत तो गेला होता. मी मोबाईल पुढे केला. त्याने छायाचित्राकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "साहेब, हे आपल्याकडचं नाहीच. ही घरं बघा, कौलं आहेत का? आपल्या डोंगरात जुलै महिन्यात अशी कोरडी धूळ असते का?" मी खाली मान घातली. पानावरचा ठिपका पाहून रोग ओळखणारा मी, आणि आषाढातल्या चित्रात धूळ उडते आहे हे मला दिसले नव्हते! तोवर माझा निरोप कुठवर गेला होता, देव जाणे. त्याच रात्री गटावर चूक कबूल केली. पण निरोप जितक्यांनी पुढे पाठवला तितक्यांनी खुलासा पाठवला नाही, ही वस्तुस्थिती आहे.

त्या बातमीदाराने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. दंगलीच्या बातमीत जातीधर्माची नावे घालून आग वाढवू नये, असा वर्तमानपत्रांचा जुना संकेत आहे. म्हणून 'दोन गटांत दगडफेक', 'दोन गटांत हाणामारी' अशी वाक्ये आपण नेहमी वाचतो. संकेत चांगला आहे. पण तो म्हणाला, "इथे दोन गट होते कुठे? एक जमाव होता आणि काही घरं होती. 'दोन गटांत' लिहिलं असतं तर ती माणसं दुसऱ्यांदा लुटली गेली असती." कोल्हापुरात नाहीतर मुंबईत बसून लिहिणाऱ्याला 'दोन गट' हा शब्द सोयीचा असतो. जागेवर उभा राहिलेल्याला मोजता येते की किती होते, कुठून आले होते आणि मार कुणाला बसला. आपण किडीचा प्रादुर्भाव चावडीत बसून ठरवीत नाही, बांधावरून आत उतरून चुडात बघतो. तसेच हे.

असे दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवले नाही की काय होते, त्याचे उदाहरण वारणेच्या पलीकडेच आहे. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात उभे राहिले. माझे आजोबा त्या काळच्या गोष्टी सांगत. पण 'प्रति'चे 'पत्री' कसे झाले, हे विचारा. कुणी म्हणतो, खबऱ्यांच्या तळपायाला बैलाला ठोकतात तशी पत्री ठोकीत. कुणी म्हणतो, छे, तळव्यांवर काठीने मारीत एवढेच. ऐंशी वर्षे झाली, पारावर अजून वाद चालतो. भूमिगतांची पत्रके निघत, सरकारचे अहवाल निघत. दोन्ही आपापल्या बाजूचे. अमुक गावी अमुक वारी काय झाले, हे गावातच राहून दोन्ही बाजूंना विचारून लिहिणारा माणूस मात्र दुर्मिळ होता.

तसा माणूस असणे सोपे नाही. आमच्या तालुक्यातून अणुस्कुरा घाट उतरला की खाली राजापूर. आपली माणसे नेहमी जातात-येतात, सोयरिकी आहेत. तिथे बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून मोठा तंटा पेटला होता. जमिनीचा प्रश्न, म्हणजे तुमच्या-आमच्या काळजाचा प्रश्न. गावागावांत विरोधक आणि समर्थक अशा दोन फळ्या पडल्या. शशिकांत वारिसे हे तिथले पत्रकार विरोध करणाऱ्या गावकऱ्यांची बाजू आणि जमीन व्यवहारांतली माणसे यांवर सातत्याने लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांनी लिहिलेली बातमी छापून आली. त्यात प्रकल्पाची बाजू घेणाऱ्या एका जमीनदलालाचे नाव होते. त्याच दिवशी दुचाकीवरून जात असताना त्यांना मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमीत ज्याचे नाव होते, त्याच इसमाला पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली अटक केली. पुढचे काम न्यायालयाचे.

पुतणीला टीव्हीवर पट्टी दाखवणाऱ्यांपैकी कुणाचा पत्ता त्या दलालाला ठाऊक नव्हता. वारिसे यांचा होता. गावचा बातमीदार रोज त्याच रस्त्याने घरी जातो, त्याच पंपावर पेट्रोल भरतो, त्याची मुले त्याच शाळेत जातात. या ओळखीमुळे त्याची बातमी खरी राहते, कारण खोटे लिहिले तर सकाळी दुधाच्या डेअरीवर लोक जाब विचारतील. आणि त्याच ओळखीमुळे तो मारेकऱ्याला सापडतो.

आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा काढलेला जिल्हा, आणि त्याच सुमारास नक्षलवाद्यांची बंदूक तिथे आली. माझा एक सहाध्यायी तिकडे शेती खात्यात बरीच वर्षे होता. तो सांगे, गावात 'पोलिसांचा खबऱ्या' म्हणून कुणाचा खून व्हायचा, प्रेताजवळ चिठ्ठी असायची. बातमीदाराने चिठ्ठी छापली तर पोलीस विचारणार, तुझे त्यांच्याशी लागेबांधे काय? नाही छापली तर जंगलातून निरोप येणार. मेलेल्याच्या बायकोपोरांना विचारायला गेला तर गावच घाबरून दार लावणार. दोन्हीकडून संशय, आणि मधे हा सायकलवरचा माणूस.

पलीकडे छत्तीसगडात बस्तरमध्ये हे आणखी उघडे दिसते. बिजापूर जिल्ह्यातल्या साई रेड्डी या पत्रकाराला २००८ मध्ये माओवाद्यांचा हस्तक या संशयावरून सरकारने तुरुंगात टाकले होते. त्याच साई रेड्डींना डिसेंबर २०१३ मध्ये माओवाद्यांनी बासागुड्याच्या बाजारात ठार केले. दोन्ही बाजूंनी ज्याला शत्रू ठरवले तो बहुधा दोघांच्याही मनासारखे लिहीत नसावा, असे मला वाटते.

तिथलाच मुकेश चंद्राकर. वय जेमतेम तिशीतले. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांनी धरून नेलेल्या एका जवानाला सोडवून आणायला जे लोक जंगलात गेले, त्यांत हा होता. बंदुकीपुढे तो जाऊन आला. पण पुढे त्याने रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराची बातमी केली, आणि जानेवारी २०२५ च्या पहिल्याच दिवशी तो नाहीसा झाला. ३ जानेवारीला बिजापुरात ठेकेदाराच्या आवारातल्या शौचटाकीत त्याचे प्रेत मिळाले. टाकीवर नवे सिमेंट ओतलेले होते. ठेकेदारासह चौघांना अटक झाली.

ही दोन उदाहरणे, वारिसे आणि चंद्राकर, मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. अशांत मुलखात बातमीदार म्हणजे गोळीबारात धावणारा माणूस असे चित्र सिनेमावाले रंगवतात. पण घाव पडला तो रस्त्याच्या आणि जमिनीच्या बातमीवर. म्हणजे आपल्या रोजच्या बातम्यांवर. कुणाची जमीन किती भावाने गेली, डांबर किती पडले, शाळेत मास्तर येतो की नाही. तंटा चाललेल्या भागात याच बातम्या कुणी लिहीत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष स्फोटांकडे असते. आणि याच साचलेल्या गाऱ्हाण्यांवर पुढचा तंटा पोसतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बातमीदार गावचा आहे म्हणून चांगलाच असेल असे नाही. पाकीट घेऊन लिहिणारे आहेत, पुढाऱ्याच्या गाडीत बसून फिरणारे आहेत, तुम्ही ओळखता. आणि गावची भाषा बोलणारे माध्यम बिघडले तर काय होते हे आफ्रिकेतल्या रवांडाने पाहिले आहे. आपल्यासारखाच शेतीवर जगणारा, डोंगरउतारावर वाफे करणारा तो देश. तिथे १९९३ साली एक खासगी रेडिओ सुरू झाला. गाणी, विनोद, पारावरच्या गप्पा, लोकांच्या भाषेत. शेतकरी ट्रान्झिस्टर कानाशी धरून ऐकत. हळूहळू त्यातून तुत्सी जमातीला झुरळे म्हणायला सुरुवात झाली. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली, तेव्हा तोच रेडिओ माणसांची नावे, मोटारींचे क्रमांक, कोण कुठे लपला आहे ते सांगू लागला. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली, पुष्कळशी शेजाऱ्यांच्याच हातून, कोयत्यांनी. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या रेडिओच्या दोन संस्थापकांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवले. मी हे वाचले तेव्हा त्या संध्याकाळचा माझा गट आठवला. शेतकरी विश्वासाने ऐकतात असे माध्यम माझ्याही हातात होते, आणि मी ते जेवायच्या घाईत वापरले होते.

७ जून २०२३ रोजी मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर शहरात गडबड झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. त्या वेळी मलकापुरात मी एक गंमत पाहिली. मोबाईल मुका झाला, तर सकाळी वर्तमानपत्राची गाडी यायच्या आधीच स्टँडवर माणसे जमली. एरवी फुकट मिळाले तरी अंक न उघडणारी तरणी पोरे उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. अंकाखाली संपादकाचे नाव आणि छापखान्याचा पत्ता असतो. चूक असेल तर कुणाच्या दारात जायचे ते ठरलेले असते.

तेव्हा घरातल्या मंडळींनी, विशेषतः ज्यांच्या हाती मोबाईल अधिक असतो त्या पोरासोरांनी, एवढे करावे. असा काही निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी विचारावे, हे पाहिले कुणी? गाव कुठले, तालुका कुठला, वार कोणता? उत्तर नसेल तर निरोप तिथेच ठेवावा. काही घडताना तुम्ही स्वतः पाहिले असेल आणि बातमीदार विचारायला आला तर दार लावू नये. जेवढे पाहिले तेवढेच सांगावे, ऐकलेले वेगळे सांगावे. त्याने चुकीचे छापले तर शिवी न घालता खुलासा लिहून पाठवावा. आणि वाढदिवसाच्या जाहिरातीला जे पैसे देता, त्यातले थोडे वार्षिक वर्गणीला द्यावे, म्हणजे त्याला पुढाऱ्याच्या दारात कमी वेळा जावे लागेल. पत्रकारांवरील हल्ल्यांसाठी आपल्या विधिमंडळाने २०१७ साली वेगळा कायदा केला आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. पण कायद्याला साक्षीदार लागतो, आणि तो गावातूनच यावा लागतो.

गटातून बाहेर पडलेल्या त्या शेतकऱ्याकडे मी पुढच्या आठवड्यात गेलो होतो. त्याने घरात बसवले, चहा दिला. मी हात जोडले, तेव्हा तो रोपांविषयी बोलू लागला. त्यानंतरच्या खरिपातही बीजप्रक्रियेच्या निमित्ताने त्याच्या खळ्यावर जाणे झाले. निघताना मी सहज म्हटल्यासारखे केले, "गटात परत घालू का तुला? खताची माहिती मिळते." त्याने पोत्याचे तोंड बांधत बांधत सांगितले, "नको साहेब. फोन करत जा."

मी फोन करतो.